शिक्षाच झाली नाही म्हणून

आयर्नवूड कॅम्प, ९ ऑगस्ट

व्हर्ना,

लगेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर दुसरं पान वाचून फाड. फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलेय. सहा वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही, हे कबूल.

रोलंड जिवंत आहे. हे आधी सांगते, नाहीतर पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनच तू भलतंच समजशील.

गेल्या मंगळवारी त्याने कोठडीतल्या बेसिनच्या भोकात मोजा कोंबला आणि नळ सोडून ठेवला. त्याचं पाण्याचं वेड तुला माहीत आहे. तू त्याला माझ्याकडे ठेवून दक्षिणेला गेलीस तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि नुसता झाडांना पाणी घालायचा. पुढे रस्त्याला घालायला लागला, कुत्र्यांना, अंगणात झोपलेल्या माणसांना. आता पंचवीस वर्षांचा आहे, सहा फुटांच्या वर गेलाय. तिथे झाडही नाही आणि कुत्रंही नाही, म्हणून फरशीला घातलं. पाणी दाराखालून बाहेर आलं. शिपाई ओरडले, "नळ बंद कर!" हा खिदळायला लागला. मग पाच जण ढाली घेऊन आत शिरले आणि त्याला भिंतीशी चेपला. त्याने एकाच्या हाताचा लचका तोडला. त्यांनी त्याला पालथा पाडला, पाठीवर गुडघे रोवले, डोक्यावर जाळीची पिशवी चढवली आणि उचलून पट्ट्यांच्या खुर्चीत बांधला. मनगटं, छाती, मांड्या, घोटे, सगळं. दंडात झोपेचं इंजेक्शन टोचलं. चार तास तो त्या खुर्चीत होता. कपड्यातच झाली त्याला.

हे मला नेव्हिलने सांगितलं. नेव्हिल म्हणजे तिथला एक म्हातारा गोरा शिपाई. गाड्या लावतात तिथे माझ्या मागून आला. म्हणाला, "मावशी, मी बोललो असं कुठे बोलू नका हं. आम्हाला चोर-दरोडेखोर सांभाळायला शिकवलंय. हा कोण आहे आणि याला कसं सांभाळायचं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. रोज सकाळी मला विचारतो, 'नेव्हिल, घरी?' मी म्हणतो, 'उद्या.' सहा वर्षं मी उद्याच म्हणतोय. आता त्याच्या दाराशी जायची लाज वाटते मला."

शनिवारी भेटले त्याला. भेट काचेआडून असते. दोन्ही डोळे काळेनिळे, पुढचा एक दात अर्धा. काचेवर कपाळ टेकून म्हणाला, "मोठी, घरी?" आपल्यात मावशी वेगळी नसते, त्याला दोन आया, एक मोठी आणि एक धाकटी. धाकटीबद्दल विचारत नाही आता. राग मानू नकोस, पण खोटं कशाला लिहू.

मुद्द्यावर येते. सरकारने दिलेली एक वकीलीण आहे, ब्रिजिट. पोरगेलीच आहे, उन्हाने नाक सोललेलं असतं सदानकदा. ती म्हणते, नोव्हेंबरात कोर्ट त्याचा विचार पुन्हा करणार. याआधी तीनदा केला आणि तीनदा एकच उत्तर आलं: कारण नसताना अंगावर जातो, माणसांत सोडण्यासारखा नाही. ते तरी काय म्हणणार? कारण नव्हतंच. मी आवारात कांगारूची शेपटी कापत बसले होते, माझा माणूस आत झोपला होता, आणि रोलंडला काय भूत शिरलं कोण जाणे. आधी माझा जबडा फोडला, मग त्याच्यावर गेला. तुला ठाऊकच आहे सगळं.

ब्रिजिटला आईचं पत्र हवंय. मुलगा बाहेर आला तर मी येईन, त्याच्याशी नातं ठेवीन, एवढंच. दोन ओळी लिही.

माझ्या माणसाच्या मयताच्या वेळी सगळ्यांसमोर मी तुला जे बोलले, ते दुःखात बोलले.

डोरीन


आयर्नवूड कॅम्प, २ सप्टेंबर

व्हर्ना,

माझं पत्र परत आलं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं, म्हणजे वाचलंस. आणि मागे तुझ्या हातची एक ओळ: "कारण नसताना? माझा मुलगा?"

तू विचारतेस मला? तू?

नऊ वर्षांचं पोर, लहानपणीच्या तापात डोकं गेलेलं, ते माझ्या दारात उभं केलंस आणि म्हणालीस, "ताई, दोन महिने." दहा वर्षं झाली त्या दोन महिन्यांची. चौदाव्या वर्षी त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं. शाळेने तीन दिवसांत घरी पाठवला. दवाखान्याने गोळ्या दिल्या, त्याने तो दिवसभर लाळ गाळत बसायचा. सरकारी बाई आली, म्हणाली, यादीत नाव घातलंय. ती यादी कुठे गेली देव जाणे. शेजारच्यांची खिडकी फोडली, मी भरपाई म्हणून दोन महिने त्यांचे कपडे धुतले. माझ्या दंडावर त्याच्या दातांच्या खुणा आहेत, येऊन मोज. तू तिकडे समुद्राकाठी मासे खात होतीस.

माझा माणूस वाईट नव्हता. गेलेल्या माणसाचं नाव आपल्यात घेत नाहीत, मी इथेही लिहीत नाही. गुरांमागे घोड्यावर आयुष्य गेलं त्याचं. पाठ मोडली आणि घरी बसला. घरी बसलेल्या पुरुषाला असं पोर सहन होतं का? तरी त्याने त्याच्यासाठी जागा केली. घरामागे जुन्या फोर्ड मोटारीचा सांगाडा होता ना, त्याची दारं तारेने बांधून घ्यायची. रोलंड चवताळला की त्यात ठेवायचं. तासभर. कधी दुपारभर. तू असतीस तर काय केलं असतंस? आणि तो काही रोज मारत नव्हता.

परवा रोलंडने संडासाच्या कडेवर स्वतःचं डोकं आपटून घेतलं. अकरा टाके. पुन्हा खुर्चीत घातला. हात मोकळे ठेवले तर टाके उचकटतो म्हणे.

माझ्यावर राग काढायचा तर नंतर काढ, अख्खं आयुष्य पडलंय. पत्र पाठव.

डोरीन


आयर्नवूड कॅम्प, ११ ऑक्टोबर

व्हर्ना,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा चुलीत घातलं.

मागच्या आठवड्यात माझी दाढ काढली. गाल भोपळ्यासारखा सुजला होता, तरी शनिवार चुकवायचा नाही म्हणून तशीच गेले. रोलंड आला, बसला, आणि माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मग आपल्या जबड्यावर हात ठेवून म्हणाला, "मोठी, दुखतं?"

मी म्हटलं, "दाढ रे, दाढ."

"कोण? मोठी, कोण?"

"कुणी नाही मारलं, रोली."

त्याला ते पटेना. "कोण? कोण?" करत उठला आणि काचेवर बुक्क्या मारायला लागला. माझ्यामागे एक शिपाई उभा होता, त्यानेच मला मारलं असं वाटलं त्याला. काचेला रक्ताचे ठसे उमटले. चौघांनी त्याला मागे ओढला. एकाने गळ्यात हात घालून मान आवळली. त्याचे पाय फरशीवर घासत गेले. मला बाहेर काढलं, तरी भिंतीपलीकडून आवाज येत होता. आधी ओरडणं, मग पिशवी चढवल्यावर घोगरं, मग काहीच नाही. त्या दिवशी सहा तास खुर्चीत होता. माझ्या सुजलेल्या गालासाठी.

व्हर्ना, माझा जबडा रोलंडने फोडला नव्हता.

त्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. रोलंड सकाळपासून फोर्डमध्ये. आधी ओरडला, मग रडला, आणि दुपारी त्याचा आवाज यायचा बंद झाला. त्या बंद झालेल्या आवाजाची मला भीती वाटली. मी तार सोडली. तो बाहेर पडला तेव्हा ओठ फुटलेले, डोळे फिरलेले. त्याला पाणी पाजलं आणि दाराशी सावलीत बसवलं. मी शेपटी कापायला घेतली.

माझा माणूस झोपेतून उठून बाहेर आला. म्हणाला, "कुणाला विचारून सोडलास?" मी म्हटलं, "मेला असता तो." त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. पहिला तडाखा जबड्यावर बसला. कडकन आवाज झाला तो मला दुखण्याआधी ऐकू आला. मी पडले. मग बरगड्यांवर, मग पाठीवर. हे पहिल्यांदा नव्हतं. हातातली सुरी कुठे उडाली ते मी पाहिलं नाही. रोलंडने ती उचललेली पाहिली.

बारा वार. पोलिसांनी मोजले.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा माझा दीर बेसिल खाटेच्या पायाशी उभा होता. माझा जबडा तारेने बांधलेला. पोलीस विचारायचे आणि मी मान हलवायची. "जबडा पोराने फोडला?" मी बेसिलकडे पाहिलं आणि मान हलवली. "काही कारण?" मान हलवली, नाही म्हणून. गेलेल्या माणसाला वाईट म्हणायचं नाही, हे तर होतंच. पण त्याहून मोठं एक होतं. तेव्हाच्या वकिलाने मला सांगितलं होतं, "मावशी, काळजी करू नका. तो खटला चालवण्याच्या अवस्थेतच नाही, त्याला शिक्षा होणारच नाही." मला वाटलं, शिक्षाच व्हायची नाही तर माझ्या खोट्याने कुणाचं काय बिघडतंय?

आता ब्रिजिट म्हणते, शहाणा माणूस असता, मारहाण होत होती हे सिद्ध झालं असतं, तर कदाचित सुटलाच असता. फार तर तीन-चार वर्षं. शिक्षेला शेवट असतो. याला शिक्षाच झाली नाही, म्हणून शेवटही नाही. सुरक्षित जागा मिळेपर्यंत ठेवा, असा हुकूम आहे. आणि जागा देताना सगळे माझा तोच जबाब वाचतात.

मयताच्या वेळी मी तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, "हिच्या पोटचा राक्षस." माझ्या पोटात तेव्हा सगळं खरं होतं आणि तोंडातून ते निघालं.

हे फाडलंस तरी चालेल.

डोरीन


आयर्नवूड कॅम्प, ३ नोव्हेंबर

व्हर्ना,

तू फोन केलास आणि मला वाटलं, आता शिव्या घालशील. नुसतं विचारलंस, "कोर्टात सांगणार आहेस हे?" मी म्हटलं, मर्लची माणसं आहेत, ती मला सोडणार नाहीत. त्यावर तू जे म्हणालीस ते मी आठवडाभर चघळतेय. "काय करतील? डोकं फोडतील. फुटू दे. माझ्या पोराचं रोज फुटतंय."

कोर्टाआधी मर्लला सांगायला हवं होतं. आपल्या जमातीच्या कायद्याने शिक्षा द्यायचा आधी हक्क तिचा. ती माझ्या माणसाची थोरली बहीण. सहा वर्षं ती आणि बेसिल म्हणत आले होते की तो पोरगा बाहेर आला की मांडीत भाला घालणार. सरकारच्या कागदांत हेही लिहिलंय: बाहेर त्याच्या जिवाला धोका आहे.

काल सकाळी नदी ओलांडून गेले. नदी कोरडीच होती, वाळूत पाय रुतत होते. मर्ल अंगणात राखेतली भाकर काढत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि डोक्याचा रुमाल सोडला. रुमाल सोडलेला पाहून तिने हातातली भाकर खाली ठेवली.

"काय केलंस?"

"तुझ्या भावाबद्दल मी खोटं बोलले."

सगळं सांगितलं. मध्ये बेसिल आला, मर्लची धाकटी बहीण आयव्ही आली, पोरंबाळं आली. मर्लने पोरांना हाकललं.  मग ती म्हणाली, "माझा भाऊ कसा होता ते मला सांगतेस? त्याच्या पहिल्या बायकोचा हात मीच बांधून दवाखान्यात नेला होता. तू मला येऊन सांगितलं असतंस तर मी समजले असते. पण तू आमच्या तोंडावर खोटं बोललीस, आणि आम्ही त्या खुळ्या लेकरावर भाला परजत बसलो. लाज आणलीस आम्हाला."

"म्हणून तर आलेय."

"मान खाली घाल."

घातली. काठी जाड होती, मल्गा नावाच्या झाडाच्या लाकडाची, तुला माहीत आहे ते किती जड असतं. पहिला फटका मर्लचा. डोळ्यांपुढे पांढरं झालं. दुसरा तिचाच. रक्त नाकावरून मांडीवर टपटपायला लागलं. तिसरा आयव्हीचा, तो खांद्यावर बसला आणि गळ्याखालचं हाड मोडलं. मी हात वर केले नाहीत. मग मर्लने काठी टाकली आणि माझ्यासमोर मटकन बसली. माझं डोकं आपल्या छातीशी धरून जी रडायला लागली, की मलाच तिला थोपटावं लागलं. भावासाठी ती अशी रडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

बेसिलने मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. उतरताना म्हणाला, "पोराला सांग, बेसिलकाका तुझ्या वाटेला जाणार नाही." एवढंच. आपला कायदा एका सकाळी संपला, व्हर्ना.

डाव्या हाताला झोळी आहे, पण लिहिते उजव्याने, तेव्हा ठीक.

डोरीन


आयर्नवूड कॅम्प, २० नोव्हेंबर

व्हर्ना,

तुझं पत्र ब्रिजिटने कोर्टात वाचून दाखवलं. "मी त्याला टाकून आले. आता परत यायचं आहे." 

आता माझं ऐक. तुलाही मी सगळं लिहिलं नव्हतं.

रोलंड जेलमधूनच पडद्यावर दिसत होता, दोन्हीकडे दोन शिपाई. त्यालाही आम्ही दिसत होतो. माझ्या डोक्याची पट्टी आणि हाताची झोळी पाहिली आणि झालं सुरू. "कोण? कोण?" आणि कपाळ टेबलावर धाड धाड. शिपाई धरायला धावले. मी जागेवरून उठून म्हटलं, "रोली, बास."

तो थांबला. हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिला, कपाळातून रक्त ओघळतंय तरी.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. मला विचारलं, "तुमच्या डोक्याला काय झालं?"

"घरचं काम होतं. संपलं," मी म्हटलं.

मग मी जबाब दिला. फोर्ड, दांडा, सगळं. बेसिल मागच्या बाकावर बसला होता, त्याने मान वर केली नाही. मग सरकारी वकील उठला. शांत माणूस होता, आवाज चढवला नाही त्याने.

"तो तुमच्या शब्दावर लगेच थांबला."

"हो."

"नेहमी थांबतो?"

"लहानपणापासून."

"मग त्या दिवशी बारा वार कसे झाले?"

ब्रिजिट उठायला गेली, मी तिला हाताने खाली बसवलं. हा प्रश्न सहा वर्षं मला कुणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

मी म्हटलं, "पहिल्या वारालाच माझा माणूस खाली बसला. दांडा हातातून सुटला होता. रोलंडने वळून माझ्याकडे पाहिलं. सुरी हातात, आणि माझ्याकडे बघत थांबला. मी 'बास' म्हणायची वाट बघत होता."

"आणि?"

"आणि मी म्हटलं नाही. जबडा फुटला होता, पण तेवढं म्हणता आलं असतं. मी नुसती बघत राहिले. मला तो माणूस मरायला हवा होता. रोलंडला ते माझ्या डोळ्यांत दिसलं असेल. बाकीचे अकरा वार माझे आहेत, ते माझ्या नावावर लिहा."

वकिलाने हातातले कागद मिटले. मग म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं नाही."

मागे बेसिल उठून बाहेर गेल्याचा आवाज आला.

दुपारनंतर निकाल दिला. बाई म्हणाल्या, ज्या जबाबावर हा माणूस सहा वर्षं कोठडीत राहिला तो जबाबच खोटा होता. हा कारण नसताना हल्ला करतो असं म्हणता येणार नाही, आणि विश्वासाच्या माणसाचं तो ऐकतो हे त्यांनी स्वतः पाहिलं. दहा आठवड्यांत त्याला गावाबाहेरच्या देखरेखीच्या घरात हलवा. उशीर झाला तर कारण मला येऊन सांगा, कागदावर नको.

पोलीस म्हणतात, माझ्यावर खोट्या जबाबाचा खटला भरायचा का ते बघू. त्याहून मोठा भरला तरी माझी तक्रार नाही. बाहेर पायऱ्यांवर बेसिल उभा होता. माझ्याकडे बघून थुंकला, आणि मग गाडीचं दार उघडून धरलं. घरापर्यंत त्यानेच पोचवलं.

तुला हे कळल्यावर तू यायचं रद्द करशील का? तुझ्या पोराला मी माझ्या रागाची सुरी केली.

डोरीन


आयर्नवूड कॅम्प, ६ फेब्रुवारी

व्हर्ना,

शुक्रवारच्या बसने येतेस हे कळलं. "तुझ्याशी बोलायचं की नाही ते तिथे आल्यावर ठरवीन" हेही कळलं. ठीक आहे. माझ्याकडे उतरायचं नसेल तर मर्लने खोली दिलीय.

पण त्याला भेटायच्या आधी एक गोष्ट तुला माहीत हवी. नाहीतर बघून घाबरशील, आणि समोरचं माणूस घाबरलं की त्याला लगेच कळतं.

घर चांगलं आहे. तीन खोल्या, मागे अंगण, भोवती उंच कुंपण. दोन माणसं कायम असतात. त्यातला टेंडाई आफ्रिकेतून आलाय, हळू आवाजाचा, घाई नसलेला माणूस. रोलंडला आणलं त्या दिवशी नेव्हिलही गाडीतून आला होता. दारात उभं राहून म्हणाला, "रोलंड, आज खरंच उद्या आहे बरं का," आणि तोंड फिरवून डोळे पुसले. रोलंड गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. दोन तास लागले.

आणि मग मी ते पहिल्यांदा पाहिलं. काचेआडून कधी दिसलं नव्हतं. टेंडाईने स्वयंपाकघराचं दार उघडलं, तसा रोलंड जागच्या जागी फिरला, भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला, कपाळ भिंतीला टेकलं आणि दोन्ही हात मागे नेऊन मनगटं जोडून धरली. बेडी घालायला. सहा वर्षांत दार उघडलं की हेच करायचं हे त्याच्या अंगात भिनलंय. कुठलंही दार, अगदी फ्रिजचंसुद्धा. पहिल्या दिवशी टेंडाईने दूध काढायला फ्रिज उघडला, तर हा तिकडे भिंतीशी गुडघ्यांवर.

टेंडाई त्याला समजावतो, "इथे तसं करायचं नाही, दोस्ता." त्याला ते समजत नाही. कुणी मनगटं धरली नाहीत तर तो तसाच बसून राहतो, पाऊण-पाऊण तास, आणि मग कपाळ आपटायला लागतो. त्याला वाटतं, आपण काहीतरी चुकलो, आता मार बसणार. पहिल्या आठवड्यात भिंतीवर दोनदा रक्त लागलं. मी "बास" म्हटलं की आपटणं थांबतं, पण हात मागचे पुढे येत नाहीत.

शेवटी मी त्याच्यामागे गुडघ्यांवर बसले आणि त्याची मनगटं माझ्या हातांत धरली. माझ्या बोटांचा वेढा पुरत नाही, एवढी जाड झालीत ती. सैल धरली तर तो मानत नाही, घट्टच धरावी लागतात. धरली की मोठा श्वास सोडतो, उठतो, आणि नेशील तिथे चालायला लागतो.

तेव्हा शुक्रवारी तू दार उघडलंस की तो तुझ्याकडे पाठ करील. तू त्याला नकोशी झालीस असं समजू नकोस. रडू नकोस, हाका मारू नकोस. मागे बस, दोन्ही मनगटं घट्ट धर आणि त्याला बाहेर घेऊन जा. आम्ही रोज तसेच अंगणात जातो, तो पुढे, मी मागे. काल कुंपणापर्यंत जाऊन वळलो, तेव्हा त्याने एक हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि नाकावरची माशी हाकलली. मग तो हात स्वतःच मागे आणला, माझा हात चाचपडला, आणि पुन्हा त्यात देऊन ठेवला.

डोरीन